दोन बेंदूर आणि गुलाबी उंदीर

साताऱ्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं विचारतात, कासला गेला होतात का. सांगलीला जाऊन आले म्हटलं की विचारतात, द्राक्षं आणलीत का. मी जूनमध्ये गेले होते. तेव्हा कासला फुलं नसतात आणि सांगलीत द्राक्षं नसतात. मी उंदीर बघायला गेले होते. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून लिहूनच काढते.

मी जनावरांची डॉक्टर. पुण्यात दवाखाना आहे आणि कुत्र्यामांजरांना भूल देण्यात अर्धं आयुष्य गेलं आहे. औषधांचं संशोधन करणाऱ्या कॉलेजांना प्राण्यांवर प्रयोग करायचे तर एक देखरेख समिती नेमावी लागते. तिच्यात निदान एक माणूस बाहेरचं लागतं, म्हणजे ज्याची बढती प्राचार्यांच्या हातात नाही असं. पलूसच्या अलीकडच्या एका कॉलेजसाठी ते बाहेरचं माणूस मी आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. अशी कॉलेजं पुष्कळ आहेत, ज्यानं त्यानं आपलं समजून घ्यावं.

सातारा

पलूसच्या आधी एक दिवस साताऱ्यात थांबले, कारण तिथल्या एका कॉलेजनं मला प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या भुलीवर बोलायला बोलावलं होतं. बोलायला बोलावतात तेव्हा आधी पुष्कळ ऐकावं लागतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख आणि त्याआधी ओळख करून देणाऱ्यांची ओळख. ज्यांनी माझी ओळख करून दिली त्यांनी मला 'मुक्या प्राण्यांचा आवाज' म्हटलं. पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक तोवर इतके छान झोपले होते की मी भाषणात त्यांचाच दाखला दिला. श्वास संथ, मान सैल, टाळ्यांना प्रतिसाद नाही, पण चहाचा वास आला की डोळे उघडतात. म्हणजे ही गुंगी शस्त्रक्रियेला पुरेशी नाही. सभागृह हसलं. प्राध्यापकही जागे होऊन हसले, कशाला ते न कळता.

नंतर प्रयोगशाळा दाखवली. तिथं अजून ईथर वापरतात. काचेच्या बरणीत ईथरचा बोळा टाकायचा, उंदीर आत सोडायचा, झाकण लावायचं आणि तो आडवा पडेपर्यंत वाट बघायची. ईथरनं उंदराच्या घशाची आग होते, तो गुदमरतो, आणि ठिणगी पडली तर प्रयोगशाळा उडते. त्याची बाटली फ्रिजमध्ये होती. तिच्या शेजारी कुणाचं तरी दही होतं.

"आमच्याकडं परंपरेनं ईथरच आहे, मॅडम," विभागप्रमुख म्हणाले.

"परंपरेनं चूलही होती. घरी गॅस घेतलात ना?"

"आवं पण उंदराला काय कळतंय?"

असं म्हणून त्यांनी बरणीतला उंदीर हातात घेतला आणि तो पूर्ण गुंगीत आहे हे जमलेल्या मंडळींना दाखवायला त्याचं तोंड उघडलं. उंदरानं त्यांचं बोट धरलं. नीट धरलं, सोडेचना. विभागप्रमुखांनी परंपरेत न बसणारा एक शब्द उच्चारला, आणि सगळी मंडळी बोटाकडं धावली. एकच बाई उंदराकडं धावली. तिनं त्याचा जबडा अलगद सोडवला, त्याला तळहातावर घेतलं, मागच्या पायाचं बोट चिमटीत दाबलं. पाय झटकन मागं गेला.

"अजून जागाच आहे हो सर," ती म्हणाली. "पाय ओढतोय म्हणजे त्याला दुखतंय."

ही अश्विनी. वय चाळिशीच्या आत, आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. मी ज्या कॉलेजला निघाले होते तिथंच ती शिकवते, आणि मी जो प्रयोग बघायला निघाले होते तो तिचाच. माझं भाषण ऐकायला आणि मला घेऊन जायला ती आली होती. माझ्याच गाडीतून, अर्थात. कॉलेजची गाडी अध्यक्षांच्या पुतण्याच्या साखरपुड्याला गेली होती.

साताऱ्यानं निरोप म्हणून शाल, नारळ आणि कंदी पेढे दिले. पेढे उत्तम होते.

पाटणच्या बाजूला

अश्विनीचं माहेर पाटणच्या पलीकडं, कोयनेच्या खोऱ्यात. वाट वाकडी करून जेवायला तिच्या आईकडं गेलो. जाता जाता तिनं मला प्रयोग समजावला. मला तो कागदावर माहीत होता, पण माणसाच्या तोंडून ऐकला की त्यात जीव कुठं आहे ते कळतं.

काही मधुमेही माणसांचं जेवण पोटातून पुढं सरकतच नाही. चार घास खाल्ले तरी तासन्‌तास मळमळतं. अश्विनीनं एका झाडपाल्याच्या अर्कावर काम केलं आहे, ज्यानं पोट वेळेवर रिकामं होईल असं तिला वाटतं. वाटणं पुरत नाही, दाखवावं लागतं. म्हणून निम्म्या उंदरांना कित्येक आठवडे अर्क पाजला, निम्म्यांना नुसतं पाणी. आता शेवटचा दिवस. सगळ्यांना रात्रभर उपाशी ठेवायचं, सकाळी किरणोत्सर्गी खूण केलेलं पातळ अन्न नळीनं पोटात घालायचं, ठरलेल्या वेळानं गाढ भूल द्यायची, त्या भुलीतच त्यांना मरण द्यायचं, आणि पोटात खुणेचं किती अन्न उरलं ते किरण मोजायच्या यंत्रावर बघायचं. ज्याच्या पोटात कमी उरलं त्याचं पोट लवकर हललं. पोट रिकामं असेल तरच या मोजणीला अर्थ आहे. या पद्धतीचा कॉलेजातला हा पहिलाच प्रयोग, म्हणून भूल बघायला मी हजर राहायचं आणि माझ्या सहीशिवाय तो धरायचा नाही, असं समितीनं ठरवलं होतं.

"आणि मॅडम, माझी पीएचडीची मुदत एकदा वाढवून झालीय," अश्विनी म्हणाली. "या महिन्याच्या शेवटी ती संपते. आता हा एकच आकडा राहिलाय. तो भरला की प्रबंध देते."

"आणि नाही भरला तर?"

"तर नोंदणी रद्द. परत पहिल्यापासून. घरी सासूबाई म्हणतात, पोरं दहावीला आली तरी आईचं शिक्षण संपंना."

तिच्या आईनं दारातच माझी चौकशी केली. "उंदरं बघाय पुण्यास्नं आला?"

"हो."

"मग आमच्या माळ्यावरली बघा की. लय झाल्यात."

जेवायला नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, भात आणि भातावर तूप. आमच्या घरी तुपाचा चमचा दाखवतात, इथं ओततात. वाढता वाढता मावशींनी, म्हणजे अश्विनीच्या आईनं, शेजारणीची हकिगत सांगितली. तिला गळ्याच्या गाठीसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलं होतं. घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस वेगळी खोली, वेगळं ताट, लहान पोरांना जवळ घ्यायचं नाही.

"म्हंजे आमी भायेर बसायचो तसंच की वं," मावशी म्हणाल्या. "तवा तुमी शिकलेली माणसं आमास्नी नावं ठिवायचा. आता तुमचाच डाक्टर म्हणतुया, शिवू नका."

मी त्यांना समजावलं की त्या बाईच्या अंगातून खरोखरच किरण बाहेर पडतात. मावशींना ते पटलं. नंतर गाडीत माझ्या डोक्यात आलं की फरक एवढाच आहे: किरणांचा विटाळ यंत्रावर मोजता येतो आणि ठरल्या वेळी संपतो. बाईचा विटाळ मोजणारं यंत्र निघालं नाही, म्हणून तो कित्येक घरांत अजून चालू आहे.

निघताना अश्विनीच्या वडलांनी विचारलं, "बेंदराला येतीस न्हवं?"

"तो अजून महिनाभर आहे, आप्पा. म्हणून तर प्रयोग आत्ता घेतलाय. बेंदराला कॉलेजात शिपाईसुद्धा सापडत नाही."

पुण्यातल्या वाचकांसाठी सांगते. बेंदूर म्हणजे तिकडचा बैलांचा सण. बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, आणि त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आपल्याकडं तो पोळा, पावसाळा उतरणीला लागल्यावर येतो. आमच्या सोसायटीत पोळ्याला मातीचे बैल विकत आणतात, त्यांचा फोटो काढतात आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. बैल दुसऱ्या दिवशी कुंडीत असतो.

संध्याकाळी कराडजवळ एका ढाब्यावर आक्खा मसूर खाल्ला. तिथं बाईमाणूस गाडी चालवतंय हे पाहून मालकानं अश्विनीला विचारलं, "डायवर बाई पुण्याच्या का?" ती हो म्हणाली. मला त्यानं ड्रायव्हरांच्या बाकावर वाढलं. तिथं मसूर जास्त मिळतो, हे फार थोड्यांना माहीत असेल.

पलूसच्या अलीकडे

कॉलेजच्या पाहुणेघरात झोपले आणि सकाळी अश्विनीबरोबर पायी निघाले. उसाच्या फडांतून रस्ता जातो. रस्त्यावर रंगीत कागदाचे कपटे पडले होते. एका गोठ्यापुढं दोन बैल उभे होते. शिंगं निळी, अंगावर गुलाबी ठसे, कपाळावर बाशिंग अजून तसंच. मी कौतुकानं थांबले. अश्विनीही थांबली, पण तिचा चेहरा बदलला.

"काल इथं बेंदूर झाला," ती म्हणाली.

"तू तर आप्पांना म्हणालीस महिनाभर आहे."

"तो आमचा. इकडं सांगलीच्या अंगाला काही गावं कर्नाटकी बेंदूर करतात. तो महिनाभर आधी येतो. कॉलेजला सुट्टी आमच्याच बेंदराची असते, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि मग हळू आवाजात, "तानाजीमामा जतकडचे आहेत, पार कर्नाटकच्या सीमेवरचे."

तानाजीमामा म्हणजे कॉलेजच्या उंदीरघराचे राखणदार. फौजेतून निवृत्त, मिशा आणि इस्त्री दोन्ही ताठ. रात्री उंदरांना उपाशी ठेवायचं काम त्यांच्यावर होतं. आम्ही चालत होतो त्या पळायला लागलो. पन्नाशीला आलेल्या बाईनं उसाच्या फडातून पळू नये, लोक मदतीला धावत येतात.

मामा दारातच होते. आम्हाला पाहून त्यांनी कडक सलाम ठोकला.

"रिपोर्ट ओके, मॅडम. सगळी खुशाल हायती."

खरंच खुशाल होती. आजवर मी पुष्कळ उंदीरघरं पाहिली, पण इतके तृप्त उंदीर पाहिले नाहीत. एकमेकांच्या अंगावर पसरून झोपले होते. पोटं टम्म. आणि पांढरा उंदीर एकही नव्हता. सगळे गुलाबी.

"मामा, हे काय?" अश्विनीचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही.

"बेंदूर, मॅडम. काल बेंदूर न्हवता का?"

"उपाशी ठेवायला सांगितलं होतं मी."

"ठिवलं की! दिसभर ठिवलं. सांजच्याला घरनं पोळी आली. सणाला जनावर उपाशी ठिवतं व्हय कोण?" मामांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "आमच्यात पयलं मेंढरं हुती, बैलं हुती. मेंढरं इकली, बैलं गेली. पोरगं ट्रॅक्टर घिऊन बसलंय. आता ट्रॅक्टरला काय पोळी चारू? जनावरं म्हणायची तर हीच माझ्या हातात."

"आणि रंग?"

"बैलाचाच हाय. अंगाला लागत न्हाई."

"मामा, त्यांच्या पाठीवर, शेपटीवर माझ्या पिवळ्या खुणा होत्या. कुठला उंदीर कुठल्या गटातला ते त्यावरनं कळत होतं."

"त्या फिक्या झालत्या मॅडम. म्हणून त्यावरच दिला."

मी विचारलं, "पण ज्याचा तो आपल्या पिंजऱ्यात तरी आहे ना?"

मामांनी अभिमानानं कोपऱ्यातल्या मोठ्या टबाकडं बोट दाखवलं. "पंगत तिथं बसली. सगळी एका ठिकाणी. भेदभाव न्हाई केला. जेवल्यावर पुन्हा पिंजऱ्यात घातली, जागा हुती तशी."

अश्विनी स्टुलावर बसली. अर्क घेतलेले आणि पाणी घेतलेले, सगळे एकत्र जेवून, एकाच रंगात न्हाऊन, कुठंही झोपले होते. कित्येक आठवड्यांचं काम एका पंगतीत मिसळलं होतं.

मी मामांना म्हटलं, "फौजेत असताना वरिष्ठांची ऑर्डर अशीच मोडली असतीत का?"

"मोडली असती तर मार खाल्ला असता," मामा म्हणाले. "पर मॅडम, तिथं बी बडा खान्याला, म्हंजे पलटणीच्या जेवणावळीला, घोड्यास्नी ज्यादा दाणा मिळायचा."

एवढ्यात प्राचार्य आले. त्यांच्याबरोबर संस्थेचे अध्यक्ष, एक छायाचित्रकार, एक वार्ताहर आणि हारांची पिशवी. त्यांच्या मागं इस्पितळाचा तंत्रज्ञ शिशाची जाडजूड डबी घेऊन आला. खुणेच्या अन्नात घालायचं किरणोत्सर्गी द्रव्य त्या डबीत होतं. ते त्यानं पहाटे तयार केलं होतं आणि दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. तो बिचारा डबी ठेवायला जागा शोधत होता, कारण टेबलावर शाल, श्रीफळ आणि पेढे होते, आणि तो जिकडं वळेल तिकडची माणसं मागं सरत होती. किरण मोजायच्या नव्या यंत्राला झेंडूचा हार होता. त्याच्या नेमक्या तोंडावर, जिथून ते मोजतं तिथं, हळदकुंकवाचं बोट उठलं होतं.

प्राचार्यांनी पिंजऱ्याकडं पाहिलं. "अरे वा! पाहुण्यांसाठी रंगवलेत?"

मी काय झालं ते त्यांना हळूच चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. प्राचार्य लोक विचार करतात तेव्हा मला भीती वाटते.

"पोळी सगळ्यांनाच दिली ना?" त्यांनी मामांना विचारलं.

"व्हय साहेब. समद्यास्नी."

"मग झालं तर! सगळ्यांची परिस्थिती समान. तुलना शास्त्रीयच आहे, मॅडम."

"कुणाशी कुणाची तुलना?" मी म्हटलं. "अर्क कुणी घेतलाय तेच कळत नाही."

"असं कसं? निम्म्यांनी घेतलाय. कुठल्याही निम्म्यांना अर्कवाले म्हणा."

हे त्यांनी दार लोटून, वार्ताहर बाहेर राहील याची काळजी घेऊन सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. ते साखर कारखान्यातून शिक्षणात आले आहेत, आणि उताऱ्याचा, म्हणजे उसातून किती साखर निघाली त्याचा, आकडा कसा काढायचा हे त्यांना अधिक चांगलं माहीत असावं.

"असं बघा," प्राचार्य पुढं म्हणाले, "आकडे तर येणारच. यंत्र आहे, द्रव्य आलंय, पेपरवाला आलाय. अश्विनीची मुदत संपतेय. तुम्ही आज फक्त भूल नीट दिली का ते बघा. पोटात काय आहे ते बघणं तुमच्या कामात येत नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मला भुलीसाठीच बोलावलं होतं. भुलीचं यंत्र प्राचार्य यायच्या आधीच मी तपासलं होतं, ते चांगलं होतं, साताऱ्याच्या बरणीसारखं नव्हतं. उंदरांना काही कळलं नसतं. सगळे शांतपणे मेले असते, आणि कशासाठी मेले ते कुणालाच कळलं नसतं.

"अश्विनी, तूच सांग," प्राचार्य म्हणाले. "पदवी तुझी आहे."

अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा आवाज पाटणचा झाला. "मॅडम, तुमी बघितलंच न्हाई असं समजा की. या खोलीतल्या माणसांबाहेर कुणाला ठाऊक हाय?"

"मी बघायलाच आले आहे, बाई."

"मला ओळखू येतात ते. रोज हातानं पाजलंय मी. अर्कवाले जरा सडपातळ झालेत." ती उठली, पिंजरा उघडला, एक उंदीर उचलला, हातावर तोलला. "हा अर्काचा." दुसरा. "हा पाण्याचा." असे तिनं पुष्कळ वेगळे केले. भराभर, चेहरा घट्ट करून. तानाजीमामा, ज्यांनी ही सगळी भानगड करून ठेवली होती, ते मान हलवून तिला दाद देत होते.

"आता तोंड फिरव," मी म्हटलं.

तिनं फिरवलं. मी मामांना सगळे पुन्हा टबात घालायला सांगितले. "आता परत वेगळे कर. तू अर्काचे म्हणालीस त्यांच्या कानामागं मी आत्ता शाईचा ठिपका ठेवलाय, तिकडं बघायचं नाही. जुळले तर संध्याकाळपर्यंत पोटं रिकामी होऊ देऊ, मी सही करते आणि प्रयोग होऊ दे."

प्राचार्यांना हा तोडगा आवडला. त्यांनी माझं मन मोठं असल्याचं अध्यक्षांना सांगितलं.

अश्विनीनं पहिला उंदीर उचलला. तो पुरण पचवत तिच्या हातावर आरामात पसरला. तिनं त्याचं वजन तोललं, शेपूट बघितली, पोट दाबून बघितलं. कितीतरी वेळ. तंत्रज्ञ घड्याळ बघत होता. मग तिनं उंदराकडं न बघता प्राचार्यांकडं बघितलं.

"सर, मी मगाशीही अंदाजानंच बोलत होते."

"अंदाज तर अंदाज. तू घाल वेगळे."

"नको." तिनं उंदीर टबात ठेवला, सिंकपाशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले. शस्त्रक्रिया झाल्यासारखे. मग तंत्रज्ञाला म्हणाली, "दादा, ती डबी परत न्या. उगाच तुमची पहाट गेली."

"आणि मी अध्यक्षांना काय सांगू?" प्राचार्य म्हणाले, अध्यक्ष शेजारी उभे असताना.

"बेंदूर होता, असं सांगा."

मामा म्हणाले, "मॅडम, चुकलं का माझं?"

"लय चुकलं, मामा," अश्विनी म्हणाली. "माझी सगळी वर्षं तुमी पोळीसंगट चारलीसा उंदरास्नी." आणि मग, बहुधा जिभेवर आलंच म्हणून, "खाल्ली तरी का त्यांनी सगळी?"

"कण न्हाई ठिवला," मामा म्हणाले.

यानंतर कार्यक्रम रद्द झाला असेल असं वाचकांना वाटेल. तसं झालं नाही. हार आणले होते. मला शाल मिळाली, तंत्रज्ञाला मिळाली, मामांनाही मिळाली. अध्यक्षांनी अणुशक्ती ग्रामीण भागात पोचल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. शिशाची डबी तोवर गाडीत बसून इस्पितळाकडं निघाली होती. प्राचार्यांनी मला हळूच विचारलं की मुदतवाढीच्या अर्जावर 'वीजपुरवठा खंडित झाल्याने' असं कारण घालू का, ते विद्यापीठात चालतं. मी म्हटलं, अर्ज अश्विनीचा आहे, तिला विचारा. अश्विनी म्हणाली, "खरंच लिहिणार मी." प्राचार्य म्हणाले, "विद्यापीठ हसेल." ती म्हणाली, "हसू दे. विजेचं कारण वाचून तर ते हसतसुद्धा नाहीत."

उंदीर मेले नाहीत. पुढच्या वर्गाला उंदीर हातात कसा धरायचा हे शिकवायला ते राहिले. साताऱ्याच्या विभागप्रमुखांना मी त्या तासाला बसायचं सुचवलं आहे.

सांगली

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत, परतीच्या आधी, भडंग घ्यायला दुकानात गेले. दुकानदारानं ज्या पानात पुडा बांधायला घेतला ते ताजं होतं. त्यात मी शाल घेऊन उभी होते. मथळा होता: किरणोत्सर्गी तंत्राचा ग्रामीण महाविद्यालयात यशस्वी प्रयोग. मी दुकानदाराला दुसरं पान मागितलं. तो म्हणाला, "राहू दे की ताई, छान आलाय फोटो." भडंगाचं तेल शालीवर आलं.

अश्विनी मला बसस्टँडजवळ भेटली. मार्गदर्शक सरांना ती तिथूनच फोन करणार होती. तिनंही ते पान वाचलं होतं. घरच्यांनी वाचून पेढे आणले होते, आणि सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिचं कौतुक केलं होतं.

"आता घरी खरं काय सांगू?" ती म्हणाली.

"जे सरांना सांगशील तेच."

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "पण बेंदूर तर पुढच्या महिन्यात आहे ना?" हे सर साताऱ्याचे.

पुढचं मला फोनवर कळलं. विद्यापीठाच्या बैठकीत अश्विनीचा अर्ज वाचला गेला. हसले सगळेच. मग जतकडचे एक सदस्य म्हणाले की कर्नाटकी बेंदूर हाच मूळचा. कराडकडचे म्हणाले, मुळीच नाही. एक पुण्याचे होते, ते म्हणाले पोळा. या वादात बैठकीचा बहुतेक वेळ गेला. शेवटी सगळे दमल्यावर मुदतवाढ मंजूर झाली, एका अटीवर: पुढील प्रयोगाची तारीख कोणताही बेंदूर अथवा पोळा टाळून ठरवावी. अर्कावर काही चर्चा झाली नाही.

अश्विनीनं नवे उंदीर घेतले आहेत, अर्क पुन्हा पाजायला सुरुवात केली आहे. परवा तिनं फोन करून शेवटच्या दिवसाची तारीख सांगितली. दोन्ही बेंदूर टाळलेत, पोळा टाळलाय. दिवाळीची सुट्टी लागते तो पहिलाच दिवस. कॉलेज रिकामं, प्राचार्य गावाला, हार नाही की पेपरवाला नाही. आदल्या रात्री उंदीरघरात तानाजीमामा असतील, पण आता त्यांना सगळं समजावून सांगितलंय.

मी कॅलेंडर काढलं. तारीख बघितली.

"अश्विनी, त्याच्या आदल्या संध्याकाळी वसुबारस आहे. गाईवासरांचा सण."

पलीकडं कॅलेंडरची पानं फडफडली.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "मामांना विचारते, त्यांच्यात करतात का."